हनुवटी पुढे, किंचित खाली

डोक्यावर गार पाण्याचा हबका बसला तेव्हा आदेश तिमांडे डोळे मिटून, हनुवटी पुढे काढून आणि किंचित खाली करून बसला होता. वडनेरच्या पलीकडे, नदीच्या घाटावर, शेवटच्या पायरीवर. निमित्त अण्णाजी मामांच्या दहाव्याचं होतं, पण हनुवटीचा मामांशी काही संबंध नव्हता. हनुवटी परवाच्या फोटोची होती. नऊ वर्षं प्रभारी राहिल्यावर गेल्या महिन्यात तो फार्मसी कॉलेजचा प्राचार्य झाला होता, कायमचा, शिक्क्यासकट. परवा बुधवारी अकरा वाजता नागपूरहून फोटोवाला येणार होता. तो फोटो माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर आणि मग आधीच्या प्राचार्यांच्या रांगेत भिंतीवर जायचा होता, आणि एकदा भिंतीवर गेलेला चेहरा पुन्हा दुरुस्त करता येत नाही. फोटोवाल्या कंपनीने तीन आठवडे आधी सूचनांचा एक कागद पाठवला होता. रोज तीन लिटर पाणी प्या. आठ तास झोपा. गडद रंगाचा कोट घाला. हनुवटी पुढे घ्या आणि किंचित खाली करा, म्हणजे गळ्याची घडी दिसत नाही. हे सुरुवातीला कासवासारखं वाटेल, पण सराव करा, असंही त्यात लिहिलं होतं. आदेश सराव करत होता. आंघोळीच्या खोलीत करत होता, स्टाफ मीटिंगमध्ये करत होता, आणि आज घाटावर सावलीची एक जागा मोकळी दिसली तेव्हा तिथे टेकून, विधी संपेपर्यंत काय करायचं म्हणून तेच करत होता. त्याच्या डाव्या हाताला मामांच्या भाऊकीतले अकरा पुरुष उघड्या अंगाने ओळीने बसलेत, आणि नत्थूजी न्हावी वस्तरा घेऊन त्या ओळीतून एकेक डोकं करत सरकतो आहे, हे त्याला दिसलं होतं. आपण त्या ओळीतले बारावे झालो आहोत, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

पाणी पडलं आणि पाठोपाठ एक ओला, जाड, घरचा असल्यासारखा हात डोक्यावर फिरला, तेव्हा त्याला भीती वाटली ती वस्तऱ्याची नव्हती. पंधरा-सोळा वर्षांत त्या डोक्याला कोणाचाही हात लागला नव्हता. तिथे एक पूल होता. डाव्या कानाच्या वरून निघालेले वीतभर लांब केस टाळूच्या ओसाड भागावरून नेऊन उजव्या कानाशी टेकवलेले, वर जेलचा थर, आणि त्या थरावर आदेशचं सगळं सार्वजनिक आयुष्य. एसटीत तो वाऱ्याची बाजू पाहून बसायचा. वर्गात पंख्याच्या थेट खाली उभा राहायचा नाही, आणि पोरांना वाटायचं सर खिडकीशी उभे राहून शिकवतात ती त्यांची लकब आहे. लग्नाच्या वरातीत कोणी खांद्यावर हात टाकला की तो अर्धं पाऊल मागे सरायचा. हेल्मेट त्याचं लाडकं होतं, पण ते काढताना मात्र पार्किंगच्या भिंतीकडे तोंड करावं लागायचं. हे सगळं कोणालाही माहीत नाही अशी त्याची पक्की खात्री होती, आणि ही खात्री सांभाळणं हेच त्याचं खरं काम होतं, फार्मसी त्यानंतर. आता त्या पुलावर तांब्याभर पाणी पडलं होतं आणि पूल निखळून डाव्या खांद्यावर लोंबत होता.

त्या एका क्षणात तो ओरडू शकला असता. नंतर त्याने स्वतःला बरेचदा विचारलं, ओरडलो का नाही? उत्तर असं की ओरडलं असतं तर घाटावरच्या पन्नास-साठ माणसांनी वळून पाहिलं असतं, आणि त्यांना दिसला असता तो लोंबता पूल. म्हणून तो गप्प राहिला. डोळे आणखी घट्ट मिटले आणि लाजेने मान आणखी पुढे आणि आणखी खाली गेली. नत्थूजीला आणखी काय हवं होतं. कपाळाच्या मधोमध वस्तरा लागला आणि सर्र करून पार मागे गेला. एवढा एकच आवाज. त्यानंतर करण्यासारखं काही उरलंच नाही, आणि करण्यासारखं काही उरलं नाही हे कळल्यावर आदेशच्या अंगातून काहीतरी सैल होत खाली उतरलं, मांड्यांपर्यंत, पोटऱ्यांपर्यंत. त्याला सुख झालं. हे सांगायला वाईट दिसतं, कारण समोर मामांचे पिंड ठेवलेले होते आणि मुकेश, मामांचा मोठा मुलगा, कावळ्याकडे डोळे लावून बसला होता. पण झालं खरं. वस्तरा फिरत होता आणि जिथून तो जात होता तिथे फाल्गुनातलं कोवळं ऊन येऊन बसत होतं. लहानपणी दर उन्हाळ्यात शाळा संपली की बाबा त्याचं डोकं चकोट करून आणायचे आणि तो तसाच पळत जाऊन कालव्यात बुडी मारायचा. डोक्याच्या कातडीला पाणी आधी लागायचं आणि बाकी अंगाला मागून. ते पाणी तो विसरला होता. पुढे नागपूरच्या होस्टेलात एका सकाळी फणीत केसांचा बोळा आला, दुसऱ्या दिवशी मोठा बोळा आला, आणि खोलीतल्या एकाने "तिमांड्या, गच्ची रिकामी होऊन राह्यली बे" असं म्हटल्यावर सगळे हसले, तोही हसला, आणि त्या रात्रीपासून त्याने केस डावीकडून आणायला सुरुवात केली. कालवा आणि होस्टेल यांच्यामध्ये फक्त दहा-बारा वर्षं होती. वस्तरा उजव्या कानामागे पोचला तेव्हा आदेशला वाटलं की आपण ती वर्षं उलट्या दिशेने चालत चाललो आहोत.

मग नत्थूजीने त्याचं नाक धरून चेहरा वर केला आणि मिशीला हात घातला. अर्धी मिशी गेली असेल नसेल, तोच वरच्या वडाखालून, बायकांच्या घोळक्यातून, विमलाबाईंचा म्हणजे आदेशच्या आईचा आवाज आला. असा आवाज की पिंडाजवळ आलेला कावळा उडाला.

"अरे थांबा! थांबा ना बाप्पा! पोरगं माह्यं हाय ते! भाचा हाय तुमचा! भाच्याचं डोस्कं भादरते का कोनी?"

आपल्याकडे मामा वयाने केवढाही असो, तो भाच्याच्या पाया पडतो. भाचा म्हणजे घरी आलेला देव. मामाच्या सुतकाशी भाच्याचा काही संबंध नसतो, आणि मामाच्या दारी त्याच्या केसाला धक्का लावायचा नसतो. इथे तर पूर्ण देवच भादरून ठेवला होता. वरून त्याचा बाप जिवंत, वर्ध्याला घरी गुडघे शेकत बसलेला, आणि बाप गेल्यावरच काढायची ती मिशी अर्धी गायब. नत्थूजीने वस्तरा खाली ठेवला.

"मले काय मालूम जी?" तो म्हणाला. "लायनीत बसले होते. अन् मान बी अशी बराबर पुढं देल्ली! घरचे लोक देत नाई अशी मान. म्या म्हटलं, लय जीव होता बाप्पा अण्णाजीवर."

मुकेश धावत आला. त्याचं स्वतःचं डोकं ताजं, गुळगुळीत, उन्हात चमकणारं. त्याने आदेशचे दोन्ही पाय धरले. "दादा, माफ करजो. बाबा असते त मले चपलीनं हानलं असतं आज." आणि मग वर पाहिलं, अर्ध्या मिशीच्या दादाकडे, आणि दहा दिवस न हसलेल्या मुकेशचा खालचा ओठ हलायला लागला. त्याने तो दाताखाली धरला. नाही राहिला. मुकेश हसला, मग त्याचा काका हसला, मग बारा चकोट डोकी एकदम हसली, आणि वडाखाली पदर तोंडाला लागले. अण्णाजी मामा हयातभर विनोदी माणूस होते. हे त्यांनीच घडवून आणलं असं नंतर जेवणाच्या पंगतीत ठरलं. आदेशने उरलेली मिशी काढायला सांगितली. अर्धी घेऊन कुठे जाणार?

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला. सवयीने आधी वाऱ्याच्या उलट बाजूला निघाला होता, मग मध्येच थांबला आणि वळला. काच पूर्ण सरकवली. रस्त्याच्या कडेला पळस पेटलेले होते, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली वावरं मागे जात होती, आणि वारा असा सरळ डोक्याला भिडत होता की त्याला एकदा उगाचच मोठ्याने काहीतरी म्हणावंसं वाटलं. विमलाबाई शेजारी बसून त्याच्याकडे चोरून पाहत होत्या. हिंगणघाट गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "सर्दी होईन. दुपट्टा बांध."

"राहू दे माय," तो म्हणाला. "मस्त वाटून राह्यलं."

"मामाच्या दहाव्याले मस्त वाटून राह्यलं म्हणते," त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात राग नव्हता.

वर्धा जवळ आलं तसा मात्र वारा कमी कमी सुखाचा व्हायला लागला. परवाचा फोटो आठवला. तीन आठवड्यांचं पाणी आठवलं, एकवीस दिवस गुणिले तीन लिटर. बेसन आणि दही लावून बसलेली संध्याकाळ, शिवून आणलेला गडद निळा कोट, मोबाइलमधले त्रेचाळीस सेल्फी, त्यातले सगळे डावीकडून, कारण उजवीकडून पुलाचं टोक दिसायचं. हे सगळं एका माणसासाठी केलं होतं आणि तो माणूस आता नदीच्या घाटावर वाऱ्याने उडत होता. भिंतीवर आठ प्राचार्य आहेत, आठही केसवाले, त्यातले दोघे तर सत्तरीपर्यंत केसवाले. नववा हा. पोरं भिंतीपुढून जातील आणि म्हणतील, हा कोण, नवीन भरती? नऊ वर्षं प्रभारी म्हणून ज्या खुर्चीच्या अर्ध्या भागावर बसलो, तिच्यावर पूर्ण टेकायची वेळ आली आणि चेहराच हातचा गेला. त्याचा हात आपोआप डाव्या कानावर गेला, केस नीट करायला, आणि कान तेवढा हाताला लागला.

दार समीक्षाने, त्याच्या बायकोने, उघडलं. ती प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरीच्या चाळीस पोरांपुढे चेहरा सरळ ठेवायची तिला सवय आहे. तिने दोन सेकंद पाहिलं, विमलाबाईंच्या हातातली पिशवी घेतली, "चहा ठेवते," म्हणाली आणि आत गेली. आदेशला जरा बरं वाटलं. मग स्वयंपाकघरात चहाच्या गंजावरचं झाकण पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग असं हसू आलं की ते थांबवायला तिने भिंतीला धरलं असावं. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. "कान किती मोठे हायत हो तुमचे," ती म्हणाली. "एवढे दिवस कुठी लपवले होते?"

लक्ष्मणराव, आदेशचे बाबा, बाजेवर बसून होते. त्यांनी चष्मा लावला, मुलाला खालपासून वर पाहिलं, आणि नजर मिशीच्या जागेवर येऊन थांबली. "मी त जिता हाव ना बे अजून," ते म्हणाले. "का मले सांगतलं नाई कोनी?" आदेश खाली बसून घडलेलं सांगायला लागला; हनुवटी, सावली, नत्थूजी. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की बाबांचा हात त्याच्या डोक्यावर आला आहे. ऐकत असल्यासारखे ते डोकं चाचपत होते, टाळूवरून मागे, मागून पुन्हा टाळूवर, बाजारात पपई पाहावी तसे. हा हात शेवटचा कधी आला होता ते त्याला आठवेना. कालव्याच्या दिवसांत असेल. पूल बांधला त्या दिवसापासून त्याने बापालाही तिथून पलीकडे जाऊ दिलं नव्हतं. "मागून चपटं हाय," लक्ष्मणराव शेवटी निकाल दिल्यासारखं म्हणाले. "लहानपनी तुले एका कुशीवर निजवा म्हणून तुह्या मायले लाख डाव सांगतलं." आदेश हसला आणि डोकं तसंच बापाच्या हाताखाली ठेवून त्याने चहाचा घोट घेतला.

मंगळवारी त्याने कॉलेजातून रजा टाकली आणि हेडक्लार्क प्रभाकररावांना फोन लावला. फोटो पुढे ढकलता येईल का, महिनाभर? प्रभाकरराव अदबीने म्हणाले की पुस्तिका गुरुवारी छापायला जाते, सर, आणि पहिलं पान कोरं कसं सोडायचं? फोन ठेवल्यावर तो कोट घालून आरशापुढे उभा राहिला. आरशातला माणूस त्याच्या ओळखीचा नव्हता, पण वाईटही नव्हता, आणि हीच अडचण होती. तो माणूस कोण आहे ते ठरत नव्हतं. जरा डावीकडे वळला तर अण्णाजी मामा दिसायचे, जरा उजवीकडे वळला तर कालव्यातून वर आलेला पोरगा, आणि सरळ पाहिलं तर कोणीच नाही, फक्त दोन मोठे कान. प्राचार्य कुठेच दिसत नव्हता. त्याने हसून पाहिलं, गंभीर होऊन पाहिलं. एक गोष्ट मात्र त्याच्या मनात येऊन जात होती आणि तो तिला बसू देत नव्हता: आज सकाळी तयार व्हायला त्याला काहीच वेळ लागला नव्हता. तोंड धुतलं, डोकं पुसलं, झालं. मग पायरीवर बसून बाबांबरोबर चहा प्याला, समोरच्या कडुनिंबावर पोपट भांडत होते ते पाहिलं. पोपट तिथे रोजच भांडत असणार.

बुधवारी समीक्षा अर्धी रजा टाकून बरोबर आली. कोटाची कॉलर पाहायला, असं तिने सांगितलं. कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये मिहिर नावाच्या तरुण फोटोवाल्याने करडा पडदा टांगला होता, दोन दिवे उभे केले होते. कॉरिडॉरमधून येताना कारकून, शिपाई, प्राध्यापक सगळ्यांनी त्याच्याकडे पाहून घाईघाईने नमस्कार केले होते, आणि घरी कोणी गेलं का हे विचारायचं धाडस फक्त प्रभाकररावांनी केलं होतं. आदेश स्टुलावर बसला. वर पंखा फिरत होता. मिहिरने मोबाइलमधला जुना फोटो पाहिला, समोरच्या माणसाकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे पाहिलं.

"सर, टेन्शनच नाही," तो उत्साहाने म्हणाला. "चेहरा आजचा घेतो आणि केस या जुन्या फोटोतून लावून देतो. मिशीपण. दहा मिनिटांचं काम आहे. कोणाला कळणार नाही."

कोणाला कळणार नाही. हे तीन शब्द नव्हते, हे आदेशचं घर होतं. यात तो सोळा वर्षं राहिला होता. खिडकीतला वारा, बापाचा हात, पोपट, सगळं एका झटक्यात लांब गेलं, आणि त्याला आपलं जुनं डोकं, डावीकडून उजवीकडे नीट बसवलेलं, भिंतीवर टांगलेलं स्पष्ट दिसलं. एक होकार द्यायचा अवकाश होता. वर्ष-दीड वर्षात केस वाढतील, पूल पुन्हा बांधता येईल, मधलं सगळं पुसून जाईल. "हो," असं म्हणण्यासाठी त्याने तोंड उघडलं.

"आमच्या घरी लाइट नव्हती गेली," समीक्षा म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीशी खुर्चीवर बसली होती, मांडीवर पर्स, नजर वर पंख्याकडे.

"कधी?" आदेशने विचारलं.

"नाचणगावले तुम्ही मले पाहाले आलते ना, मे महिन्यात. पाहुन्याईले बैठकीत बसवलं अन् तुमाले नेमकं पंख्याच्या खाली. मी पोह्याचा ट्रे घेऊन दाराआड उभी होती. पंखा पाचवर. तुमचे केस सारे उभे झाले, हे असे, अन् तुम्ही घाम पुसल्यासारखा हात डोक्यावर धरून बसले. चेहरा असा रडवेला झालता. मले काही सुचलं नाई. मी ट्रे खाली ठेवला अन् रांधनीतला मेन स्विच पाडला. बाबा अर्धा घंटा फ्यूज पाहत फिरले. सारे घामाघूम झाले. तुम्ही तेवढे हसले."

आदेशला ती दुपार आठवली. वर्तमानपत्राने वारा घेणारे पाहुणे आठवले, विजेच्या खात्याला त्याने मनोमन दिलेला आशीर्वाद आठवला. ती आत आली तेव्हा तो निवांत होता, म्हणूनच तिच्याकडे नीट पाहू शकला होता. ‘पसंत आहे’ हे त्या निवांतपणात म्हटलं होतं.

"म्हणजे तुले माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"मले काय, गल्लीले माहीत होतं."

"मग इतके वर्षं बोलली काऊन नाई तू?"

समीक्षा जरा लाजली. लग्नाला पंधरा वर्षं झालेली बाई लाजली की कशी दिसते ते त्याने पहिल्यांदाच पाहिलं. "रोज सकाळी आरशापुढं एवढा जीव ओतत होते तुम्ही," ती म्हणाली. "मले वाटे, माझ्यासाठीच करता."

हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता. तिच्यासाठी म्हणून त्याने एक केसही हलवला नव्हता. त्याने ते सगळं होस्टेलातल्या त्या खोलीसाठी केलं होतं, अजून हसणाऱ्या त्या चार पोरांसाठी, एसटीतल्या अनोळखी माणसांसाठी, वाऱ्यासाठी. आणि घरातली ही एक बाई इतकी वर्षं ते प्रेम समजून घेत राहिली, जपत राहिली, आपण पाहिलंच नाही असं दाखवत राहिली. त्याला भयंकर लाज वाटली. लाजेच्याही वर, तिला बाजूला सारत, आनंद आला, एवढा की स्टुलावर सरळ बसवेना.

"सर, मग केस लावू ना?" मिहिरने विचारलं. "इकडे बघा. कॅमेऱ्याकडे."

"नको लावू," आदेश म्हणाला. तो समीक्षाकडेच पाहत होता. "अन् तिकडे पाहत नाई मी आता. असाच घे."